सोळा खिडक्यांचा मोह

अगं, सोळा खिडक्या, बसवून, जुन्या उचलून नेऊन, सगळं मिळून सात हजार डॉलर! कोटेशनचा फोटो पाठवलास तेव्हाच माझ्या लक्षात आलं की तू मनातून जवळपास हो म्हणून बसली आहेस. दिवाळीच्या आधी घर झकास दिसेल, विजेचं बिल उतरेल, खोल्यांतला गारठा जाईल, आणि "आज सही केली तर" आणखी हजारभर सूट. तुझी ताई म्हणून एवढंच सांगते, सही थोडी लांबव. खिडक्या बदलू नकोस असं मी म्हणत नाही. सोळाच्या सोळा बदलू नकोस, आणि बदलशील त्या सगळ्यात स्वस्त व्हायनलच्या घेऊ नकोस. का, ते जरा निवांत ऐक.

आधी हे बघ की तुझ्याच गल्लीत हे विक्रेते एवढे का फिरतात. १९९० साली नॉर्थ कॅरोलायनातल्या तुमच्या या कॅरीत चव्वेचाळीस हजारांच्या आसपास माणसं होती. २००० साली चौऱ्याण्णव हजार झाली आणि २०२० च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात पोचली. रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या नोकऱ्यांमागे लोक आले, आपली मराठी कुटुंबंही आली, आणि त्यांच्यासाठी वसाहतीच्या वसाहती एकदम उभ्या राहिल्या. बिल्डरने घाऊक भावात आणलेल्या खिडक्या एकाच वेळी बसल्या, तशा त्या आता एकाच वेळी म्हाताऱ्या होतायत. एका घरातली काच धुरकटली की शेजारच्या दहा घरांतलीही धुरकटणार, हे त्या विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं. त्याची बेल आपल्याला योगायोग वाटते, तो मात्र घर कोणत्या वर्षी बांधलंय ते बघून आलेला असतो.

व्हायनल म्हणजे पीव्हीसी. पुण्यात नव्या इमारतींत यूपीव्हीसीच्या खिडक्या बसवतात ना, जात तीच. ही वस्तू मुळात वाईट नाही. ती गंजत नाही, तिला वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही. चांगल्या बनावटीची व्हायनलची खिडकी वीस-पंचवीस वर्षं बिनतक्रार चालते. प्रश्न आहे तो सगळ्यात खालच्या दर्जाच्या मालाचा, कारण त्यात पैसे वाचवलेले असतात ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. चौकटीच्या भिंती पातळ केलेल्या असतात. आत जे पोकळ कप्पे असतात, ज्यांच्यामुळे चौकटीला ताठपणा येतो आणि उष्णता अडते, ते कमी केलेले असतात. कोपरे वितळवून एकजीव करण्याऐवजी कधीकधी स्क्रूवर धरलेले असतात. दोन पल्ले जिथे मधोमध भेटतात त्या आडव्या पट्टीत धातूचा आधार घातलेला नसतो. ऊन सोसायला पीव्हीसीत टायटॅनियम डायऑक्साइड घालावा लागतो आणि तो महाग. तो कमी आणि खडूची भुकटी जास्त असं मिश्रण केलं की काही उन्हाळ्यांनी पांढरा रंग पिवळट पडतो, हात फिरवला तर भुकटी लागते आणि प्लॅस्टिक ठिसूळ होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते. विक्रेता तुला खिडकीवरचं एनएफआरसीचं, म्हणजे खिडक्यांना दर्जा देणाऱ्या संस्थेचं, लेबल दाखवील. त्यावर यू-फॅक्टर लिहिलेला असतो, म्हणजे घरातली ऊब काचेतून आणि चौकटीतून किती निसटते त्याचा आकडा. जितका कमी तितका बरा. दुसरा आकडा एसएचजीसी, म्हणजे उन्हाची उष्णता किती आत येते तो. हे आकडे खोटे नसतात. गंमत अशी की, स्वस्त खिडकीवरचे आणि दुप्पट किमतीच्या खिडकीवरचे हे दोन आकडे बऱ्याचदा जवळपास सारखेच निघतात, कारण उष्णता परतवणाऱ्या लो-ई थराची दुहेरी काच आणि मधला आर्गॉन वायू दोघींतही असतो. म्हणूनच "ताई, लेबल तर तेच आहे" असं तुला वाटलं. पण लेबल पहिल्या दिवसाचं असतं आणि तू त्या घरात पुढची पंधरा-वीस वर्षं राहणार आहेस. काचेचं सील किती टिकेल, चौकट किती वाकेल, फट किती वाढेल, यातलं काहीच त्या कागदावर नाही. स्वस्त आणि चांगल्या खिडकीतलं खरं अंतर तिथेच आहे.

लेबलावरचा एक आकडा मात्र थोडा पुढचं सांगतो, तो म्हणजे हवेची गळती. ती छापणं सक्तीचं नाही, म्हणून पुष्कळदा नसतेच. असली तर नीट वाच. ०.३ ही वरची मर्यादा आहे. ताशी पंचवीस मैलांच्या वाऱ्याच्या दाबाखाली, खिडकीच्या दर चौरस फुटामागे, मिनिटाला इतकी घनफूट हवा आत आली तरी खिडकी पास होते. तुझी तीन बाय पाच फुटांची खिडकी धर: मिनिटाला साडेचार घनफूट हवा, आणि तीही नवीकोरी असताना. काही लेबलांवर नेमका आकडा नसतोच, "०.३ किंवा कमी" एवढंच असतं. म्हणजे काठावर पास झाली की पहिली आली, ते आपल्याला कळत नाही. तू नेमका आकडा माग. ०.१ च्या आसपास असेल तर माल बरा समज.

ही फट वाढते का, तेही समजून घे. व्हायनल उन्हात फार वाढतं आणि थंडीत फार आकसतं, काचेच्या सहा-सात पट. सहा फूट उंचीची चौकट घे आणि तापमानात चाळीस अंश सेल्सियसचा फरक पडला असं समज. चौकट चार-पाच मिलिमीटरने लांब होते आणि तेवढीच काच पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. कॅरीत जानेवारीच्या पहाटे बाहेर पाणी गोठतं आणि जुलैच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवरची चौकट हवेपेक्षाही कितीतरी तापते, तेव्हा चाळीस अंश ही काही कल्पना नाही. वर्षानुवर्षं ही ओढाताण चालते. चांगल्या चौकटीत कप्पे, आधार आणि पक्के कोपरे ती सोसतात. पातळ चौकट धनुष्यासारखी बाक घेते, कडी जागेवर बसत नाही, पल्ला एका बाजूला घासतो आणि काचेच्या कडेच्या सीलवर ताण येतो. त्यातून गडद रंग घेतलास तर आणखीच पंचाईत. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि काळी किंवा चॉकलेटी चौकट उन्हात पांढरीपेक्षा खूप जास्त तापते. सध्या काळ्या खिडक्यांची फॅशन आहे, तुलाही आवडल्यात हे मला माहीत आहे. पण काळा रंग हवाच असेल तर तो फायबरग्लासमध्ये घे. फायबरग्लास जवळजवळ काचेइतकंच वाढतं-आकसतं, म्हणून सीलला त्रास कमी.

आता धुरकट काचांकडे येऊ, कारण तुझं सगळं दुखणं तिथून सुरू झालं. दोन काचांच्या मध्ये जो धूर दिसतो तो पुसून जात नाही. कडेचं सील गेलं, बाहेरची दमट हवा आत शिरली, आतला आर्गॉन निसटला आणि ओल शोषणारे दाणे भरून गेले, की काच आतून घामेजते. विक्रेता म्हणतो खिडकी गेली. खिडकी गेलेली नसते गं, काचेची जोडी गेलेली असते. प्रेशर कुकरची रिंग सैल झाली म्हणून आपण कुकर टाकून देतो का? चौकट धडधाकट असेल तर नुसती काचेची जोडी मापाने करून बसवता येते. काचवाल्याकडे हे काम साधारण दोनशे ते पाचशे डॉलरमध्ये होतं, काच मोठी असेल तर थोडं जास्त. तुझ्या घरात धुरकट काचा आहेत तीन. सोळा खिडक्या बदलण्याचं कारण म्हणून तीन काचा पुढे करायच्या, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तोच विक्रेता हे मात्र सांगणार नाही की नव्या स्वस्त खिडकीचं सील आधी जाण्याची शक्यता जास्त. दोन काचांच्या मधली पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर ती थंडी थेट आत आणते, कडेला पाणी साचतं आणि सीलही लवकर थकतं. 'वॉर्म-एज' नावाची पट्टी घेतलेली असेल तर कड उबदार राहते. आपल्या घरांत हे जास्तच जाणवतं. आपण कुकर लावतो, डाळ उकळतो, इडल्या वाफवतो, पोळ्या भाजतो, आणि डिसेंबरात सगळी दारं-खिडक्या बंद असतात. ती वाफ जाते कुठे? घरातल्या सगळ्यात थंड जागी, म्हणजे काचेच्या खालच्या कडेला. सकाळी तिथे पाण्याचे थेंब असतात, मग काळी बुरशी. थंडीसाठी आत आणून खिडकीत ठेवलेल्या तुळशीची पानंही त्या गार काचेला टेकली की करपतात. त्यामुळे घाम फुटला म्हणून लगेच खिडकीला दोष देऊ नकोस. आधी ओट्यावरचा पंखा बाहेर हवा टाकतो का नुसती घरातच फिरवतो ते बघ. पुष्कळ घरांत मायक्रोवेव्हखालचा पंखा आतच हवा सोडतो. घरातली आर्द्रता थंडीत तीस ते चाळीस टक्क्यांवर ठेवली तर निम्मं दुखणं तिथेच जातं.

उघडझाप हा स्वस्त खिडकीचा आणखी एक कच्चा दुवा. वरखाली सरकणारा पल्ला जागच्या जागी थांबतो तो बाजूला लपवलेल्या स्प्रिंगच्या यंत्रणेमुळे. तिला बॅलन्स म्हणतात. हलका बॅलन्स काही वर्षांत सैल पडतो आणि पल्ला धाडकन खाली येतो. तुझा धाकटा आता खिडकीत हात घालण्याच्या वयाचा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. दुकानात गेलीस की पल्ला अर्ध्यावर नेऊन सोड आणि बघ. चौकटीचा कोपरा दोन्ही हातांनी पिळून बघ, काच आणि पट्टीच्या मधून बोट फिरव. माहितीपत्रक चार दिवस वाचून कळणार नाही ते पाच मिनिटं हात लावून कळतं. आणि ही यंत्रणा बिघडली तर तिचा सुटा भाग दहा वर्षांनी मिळेल का, हेही विचार. स्वस्त मालाची मॉडेलं भराभर बदलतात. मग दहा डॉलरच्या सुट्या भागापायी अख्खी खिडकी निकालात निघते.

बसवणं. इथे तर सगळ्यात जास्त फसगत होते. सात हजारांत सोळा, म्हणजे खिडकीमागे साडेचारशेही पडत नाहीत, आणि त्यात माल, मजुरी, विक्रेत्याचं कमिशन सगळं आलं. या भावात कोणीही जुनी चौकट उखडून काढणार नाही. ते फक्त पल्ले काढतील आणि जुन्या लाकडी चौकटीच्या आत नवी चौकट सरकवतील. याला इन्सर्ट म्हणतात. जुनी चौकट सरळ आणि कोरडी असेल तर ही पद्धत ठीक आहे, पण उत्तरेकडच्या तुझ्या खिडकीचा खालचा कट्टा बोटाने दाबला जातो असं तूच म्हणालीस ना? ते लाकूड कुजलेलं आहे. त्यावर नवी खिडकी बसवून बाहेरून पांढरा पत्रा गुंडाळला की दिसायला छान, आणि आत पाणी मुरायचं ते मुरतच राहणार. दोन-चार वर्षांनी भिंतीतलं लाकूड, इन्सुलेशन, आतलं ड्रायवॉल असं सगळं उघडावं लागेल, आणि त्या खर्चापुढे खिडकीची किंमत चिल्लर वाटेल. अशा एखाद-दुसऱ्या जागी पूर्ण चौकट काढून, लाकूड दुरुस्त करून, जलरोधक पट्टी नीट लावूनच खिडकी बसवायला हवी.

इन्सर्टचा आणखी एक भुर्दंड म्हणजे उजेड. चौकटीत चौकट आली की काच चारही बाजूंनी इंच-दीड इंच आत येते. तीस बाय बावन्न इंचांची काच असेल तर सव्वा इंचाच्या हिशेबाने दहाव्या हिश्श्याहून जास्त काच गेली. वर लो-ई थर थोडा उजेड खातो तो वेगळाच. झोपायच्या खोलीतल्या खिडकीचं उघडं भोक आगीच्या वेळी बाहेर पडण्याएवढं राहायला हवं असा नियम आहे, तेही विचारून घे.

आणि पाऊस. कॅरी समुद्रापासून लांब असलं तरी वादळं इथवर येतात. १९९६ च्या सप्टेंबरात फ्रॅन वादळाने रॅलेच्या या सगळ्या भागाला झोडपलं होतं, इथले जुने लोक अजून सांगतात. वाऱ्याने आडवा मारलेला पाऊस खिडकीत शिरतो आणि खालच्या चौकटीतल्या बारीक भोकांतून बाहेर पडतो. ती भोकं बसवणाऱ्याने सीलंटने बुजवली, किंवा मार्च-एप्रिलात सगळीकडे माखणाऱ्या पाइनच्या पिवळ्या परागाने चोंदली, तर पाणी आत घरात येतं. खिडकीवर पीजी असा एक दर्जा लिहिलेला असतो. घरगुती खिडक्यांत पीजी १५ हा अगदी तळाचा. चाळीस-पन्नासच्या घरातली खिडकी वारा-पाऊस बरीच जास्त सोसते. कोटेशनमध्ये हा आकडा नसेल तर लिहून माग.

बरं, बिल किती उतरेल? चल, हिशेब मांडू. समज, वीज आणि गॅस मिळून तुमचं वर्षाचं बिल २,४०० डॉलर आहे. त्यातलं साधारण निम्मं घर गरम-थंड करण्यावर जातं, म्हणजे १,२००. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते त्या खर्चातला पंचवीस ते तीस टक्के भाग खिडक्यांमधून ये-जा करणाऱ्या उष्णतेमुळे असतो. म्हणजे तीनशे ते तीनशे साठ डॉलर. नव्या खिडक्यांनी त्यातले निम्मे वाचवले असं धरू, आणि तुमच्याकडे आधीच दुहेरी काच आहे तेव्हा एवढेही वाचणं कठीणच. तरी झाले वर्षाला दीडशे-एकशे ऐंशी डॉलर. सात हजार वसूल व्हायला चाळीस वर्षं, आणि स्वस्त खिडकी तोवर टिकली तर! जिथे एकेरी काच आहे तिथे हे गणित बरं बसतं. तुमच्याकडे बसत नाही. वरच्या मजल्यावरचा गारठा आणि उकाडा कमी करायचा असेल तर पहिले पैसे माळ्यावरच्या इन्सुलेशनवर आणि एसीच्या गळक्या नळ्यांवर घाल. एखाद्याला बोलावून ब्लोअर-डोअर चाचणी करून घे. घराला पंखा लावून हवा नेमकी कुठून येते ते ती दाखवते. पुष्कळदा वारा खिडकीतून येतच नसतो, खिडकीच्या लाकडी पट्टीमागच्या न बुजवलेल्या फटीतून येतो. ते काम सीलंटच्या नळीचं, सात हजारांचं नाही.

घर विकताना पैसे परत येतात म्हणतात, तेही अर्धवट खरं. २०२४ च्या 'कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू' अहवालात देशभराची सरासरी अशी होती की व्हायनलच्या दहा खिडक्या बदलायला एकवीस हजारांच्या आसपास लागतात आणि विकताना त्यातले दोन-तृतीयांश सुटतात. आता त्या एकवीस हजारांत दहा आणि तुझ्या सात हजारांत सोळा, हे शेजारी ठेवून बघ. कुठून काय काढून घेतलंय ते तुझं तुलाच दिसेल.

"लाइफटाइम वॉरंटी आहे ना, ताई!" हो, आहे. पण लाइफ कोणाचं, ते बघ. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लाइफटाइम आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत अटी. काच बदलून मिळेल पण मजुरी तुझी. दहा वर्षांनंतर भरपाई दरवर्षी कमी होत जाणार. घर विकलं तर नव्या मालकाला निम्मीच वॉरंटी, किंवा मुळीच नाही. काचेला ताणाने तडा गेला तर ते वॉरंटीत नाही. बसवण्यातली चूक निर्मात्याच्या वॉरंटीत येत नाही, ती बसवणाऱ्याची जबाबदारी, आणि त्याची लेखी हमी वर्ष-दोन वर्षांची. मग निर्माता म्हणतो बसवणाऱ्याचा दोष, बसवणारा म्हणतो मालाचा दोष, आणि मध्ये तू.

पैशांच्या बाबतीत चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेव. एक, "अठरा महिने बिनव्याजी" म्हणजे काय ते वाच. पुष्कळदा व्याज माफ नसतं, पुढे ढकललेलं असतं. अठराव्या महिन्याच्या शेवटी थोडीशी रक्कम राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज अंगावर येतं. दोन, कोणी अजून केंद्र सरकारची करसवलत मिळेल म्हणत असेल तर त्याला थांबव. खिडक्यांवरची तीस टक्के, कमाल सहाशे डॉलरची ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या खिडक्यांना लागू नाही. तीन, नॉर्थ कॅरोलायनात ऑक्टोबर २०२३ पासून चाळीस हजार डॉलरच्या खालच्या कामाला जनरल कॉन्ट्रॅक्टरचा परवाना लागत नाही. म्हणजे तुझ्या कामासाठी येणारा माणूस परवानाधारक असेलच असं नाही. त्याच्याकडून विम्याचे कागद माग, कामगारांचा विमाही, आणि शेवटचा चेक देण्याआधी सगळ्यांचे पैसे चुकते झाल्याचं आणि घरावर कोणाचा बोजा राहणार नाही याचं पत्र घे. चार, घरी येऊन केलेल्या विक्रीला केंद्राचा नियम तुझ्या बाजूने आहे. सही केल्यानंतर कामाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तू करार रद्द करू शकतेस, कारण सांगावं लागत नाही. शनिवार कामाचा दिवस धरतात, रविवार आणि केंद्राच्या सुट्ट्या धरत नाहीत. विक्रेत्याने रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायलाच हव्यात. न देणाऱ्याला तिथेच नमस्कार कर. मात्र तू त्यांच्या दुकानात जाऊन सही केलीस तर हा नियम लागत नाही.

एचओएचं, म्हणजे तुमच्या वसाहतीच्या घरमालक संघाचं, विसरू नकोस. चौकटीचा रंग, काचेवरच्या जाळीची चौकोनी नक्षी, सगळ्यावर त्यांची नजर असते. आधी लेखी मंजुरी घे, नाहीतर नव्या खिडक्या पुन्हा बदलायची वेळ येईल. आणि तुमच्या शेजारच्या घराची भिंत व्हायनल सायडिंगची असेल तर आणखी एक विचार कर. लो-ई काच ऊन परतवते, आणि थंडीत दोन काचा आत किंचित दबल्या की ते ऊन एका जागी एकवटतं. सायडिंग एकाहत्तर-बाहत्तर अंशांच्या आसपास मऊ पडून सुरकुततं. हे महागड्या काचेनेही होतं, त्यामुळे दोन घरं जवळ असतील तर त्या बाजूला बाहेरून पूर्ण जाळी लावून घे. शेजाऱ्याशी भांडण झालं तर ते कोणत्या वॉरंटीत बसणार?

एक शेवटचा खर्च, जो कोटेशनमध्ये कधीच नसतो. जुन्या व्हायनलच्या खिडक्या सहसा कचऱ्याच्या डोंगरावर जातात. काच, धातू आणि प्लॅस्टिक वेगळं करायला कोणाला परवडत नाही. पीव्हीसी ज्यापासून बनतं तो व्हायनल क्लोराइड हा कॅन्सर करणारा वायू आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनला मालगाडी रुळावरून घसरली तेव्हा जाळून टाकला गेला तो हाच. दर बारा वर्षांनी खिडक्या बदलणारं घर आणि तीस वर्षांनी बदलणारं घर यांत एवढा फरक तरी आहेच.

तर आता काय करायचं? शनिवारी सकाळी कागद-पेन्सिल घे आणि तुझ्या नवऱ्याला घेऊन घरभर फीर. तो आकडेवारीत रमतो, त्याला मापं घेऊ दे. प्रत्येक खिडकीपुढे लिही: काच धुरकट आहे का, पल्ला उघडतो का, कडी बसते का, लाकूड मऊ आहे का, बाजूने वारा येतो का. माझा अंदाज सांगते, सोळांपैकी तीन काचांचा प्रश्न निघेल, दोन किंवा तीन खिडक्या खरोखर गेलेल्या निघतील, आणि उरलेल्या सीलंट आणि नव्या रबरी पट्ट्यांवर आणखी दहा वर्षं काढतील. काचा बदल. गेलेल्या खिडक्या पूर्ण चौकटीसकट चांगल्या प्रतीच्या बसव. जाड भिंतीचं, वितळवून जोडलेल्या कोपऱ्यांचं व्हायनल, किंवा जमलं तर फायबरग्लास. बसवून धरलं तर एकेका खिडकीला हजार-बाराशे किंवा थोडे जास्त डॉलर लागतील, ते लागू दे. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला कमी एसएचजीसीची काच घे आणि आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घड्यांचा पडदा लाव. सगळं मिळून त्या सात हजारांच्या आतच बसेल, आणि पुढच्या खिडक्यांसाठी दरवर्षी थोडं बाजूला टाकता येईल.

निदान तीन कोटेशनं घे, सगळ्यांना तीच यादी देऊन. मालाचं नाव आणि मॉडेल, यू-फॅक्टर, एसएचजीसी, हवेच्या गळतीचा नेमका आकडा, पीजी, काचेच्या मधली पट्टी कोणती, इन्सर्ट की पूर्ण चौकट, कुजकं लाकूड निघालं तर फुटाला किती, मजुरीची हमी किती वर्षांची. "आजच्या आज" म्हणणाऱ्याला सांग की आमच्याकडे घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय सही करत नाहीत, ते फोनवरच असतात. खोटं बोलल्यासारखं होणार नाही, मी आहेच. कागद आले की फोटो काढून पाठव. मी सगळ्यात आधी शेवटचं पान वाचणार आहे. तूही तिथूनच सुरुवात कर.